थंडीची बाग: बर्फाच्या देशातल्या टिपा नाशिकला कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गेल्या आठवड्यात 'हिवाळ्यासाठी बाग तयार करा' असा अर्धं पान लेख आला होता, वर पिवळ्यालाल मेपलच्या पानांचा फोटो आणि खाली टिपा. कुंड्या घरात घ्या, पाणी जवळजवळ बंद करा, पाण्याचे पाइप रिकामे करून गुंडाळून ठेवा, गुलाबाला हात लावू नका, वसंत ऋतू आला की मगच छाटा आणि बागेवर पाचोळ्याचा जाड थर टाकून तिला मार्चपर्यंत झोपू द्या. मी तो लेख दोनदा वाचला, म्हटलं आपलंच काही समजायचं राहिलं का. पण नाही, लेख सरळसरळ बर्फाच्या देशातला आहे आणि तो कुणीतरी उचलून मराठीत उतरवून आपल्या माथी मारलाय. अहो, नाशिकमध्ये पाइप कशाला गुंडाळून ठेवायचा? आत पाणी गोठून तो फुटणार आहे का?

लेख चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही, तो त्याच्या गावी शंभर टक्के बरोबर आहे. माझी भाची शिकागोला असते, तिला खरंच हे सगळं करावं लागतं. तिकडे ऑक्टोबरच्या मध्यापासून दहिवर गोठायला लागतं, पहिल्या कडक रात्रीनंतर तिच्या डेलियाची झाडं काळी पडतात की ती त्याचे कंद उकरते, माती झटकून खोक्यात भरते आणि बेसमेंटमध्ये ठेवते, नाहीतर जमिनीतच कुजतात. कढीपत्त्याची कुंडी तर आधीच घरात आलेली असते, तिकडच्या प्रत्येक मराठी घरात ती एक कुंडी पाव्हण्यासारखी खिडकीत बसलेली असतेच. ती लसूण लावते तोही ऑक्टोबरमध्येच, म्हणजे आपल्याच महिन्यात, पण त्यावर पेंढा घालून झाकून ठेवते आणि तो काढते थेट जुलैमध्ये. आपण त्याच सुमाराला लावलेला लसूण फेब्रुवारी-मार्चला हातात येतो. आणि डेलिया, तो तर आपल्याकडे थंडीतच फुलतो! तिथे ज्या महिन्यात कंद खोक्यात जातात त्या महिन्यात इथे तुमच्याच ऑफिसच्या आसपास कुठेतरी ताटाएवढी फुलं लागलेली असतील, बघा जरा खिडकीतून.

तर मुद्दा एवढाच की आपल्याकडे थंडीची तयारी म्हणजे आवराआवर नाही, आपली थंडी हाच घरच्या बागेचा खरा हंगाम आहे, पावसाळ्यात रोगराई आणि चिखल, एप्रिल-मेमध्ये झाडं जगवताना नाकी नऊ, राहतात कोणते महिने तर हेच चार. त्यातले पहिले पंधरावीस दिवस लोकांनी लेख वाचून बाग 'झोपवण्यात' घालवले तर सगळा सीझन गेला ना. म्हणून हे पत्र लांबलं तरी छापा, कापाकापी केली तरी चालेल पण गुलाबाचा भाग कापू नका.

आधी मातीचं बोलते कारण तिथेच सगळं आहे. चार महिने पाऊस झोडपून कुंडीतली माती बसते, खाली बुडाशी लगदा आणि वर शेवाळाची हिरवी साय, त्यातलं खत केव्हाच वाहून गेलेलं असतं. ऑक्टोबर हीटला आपण सगळे शिव्या घालतो पण कुंडीच्या मातीला ती वरदान आहे, रिकाम्या झालेल्या कुंड्या गच्चीवर जुन्या चादरीवर उपड्या करायच्या, ढेकळं फोडायची आणि चांगलं आठवडाभर ऊन खाऊ द्यायचं. उपडी करताना नीट बघा. मातीच्या गोळ्यात पांढऱ्या रंगाची, लालसर डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी दिसेल, करंगळीएवढी जाड, बोट लावलं की आणखी आक्रसून घेते. ती हुमणी. मुळं खाते, वरून झाड नुसतं मलूल दिसतं आणि आपण समजतो पाणी कमी पडलं म्हणून आणखी पाणी घालत बसतो. बहुतेक वेळा ती कच्च्या शेणखतातून येते, म्हणून खत घेताना हातात घेऊन वास घ्यावा, शेणाचा वास आला तर ते अजून कुजलेलं नाही, घेऊ नका, चांगलं खत चहापत्तीसारखं भुसभुशीत असतं आणि त्याला मातीचा वास येतो. अळ्यांचं काय करायचं ते विचारू नका, कुंड्या उपड्या करून तुम्ही चहाला खाली जाऊन या, साळुंक्या आणि कावळे तुमचं काम करून ठेवतात.

वाळलेल्या मातीत दोन घमेल्यांना एक घमेलं खत आणि दोनतीन मुठी निंबोळी पेंड, बस. माती फारच चिकट काळी असेल, आमच्याकडे गोदाकाठची असते तशी, तर थोडं कोकोपीट नाहीतर भाताचं तूस. बाजारात चाळीस प्रकारच्या पुड्या मिळतात, नर्सरीवाला सगळ्या घ्यायला लावतो, तो त्याचा धंदा आहे, आपण हसून नाही म्हणावं.

आता पेरणी. घटस्थापनेला आपण घटाभोवती माती घालून धान्य पेरतो, जुनी माणसं सांगायची की ही बियाण्याची परीक्षाच, कोणतं बी उगवतं कोणतं नाही ते शेतात टाकण्याआधी घरात कळतं. ज्यांनी दसऱ्याला पेरलं त्यांची मेथी एव्हाना एकदा खाऊनही झाली असेल. पण दिवाळीत वेळ मिळाला नाही म्हणून हिरमुसून बसायचं कारण नाही, नोव्हेंबरचा अख्खा महिना हातात आहे. मेथी तिसऱ्याचौथ्या दिवशी वर येते आणि तीसेक दिवसांत भाजी होते, पालकाला आठवडा लागतो उगवायला, मुळा पण झटपट. कोथिंबीर मात्र लोकांना छळते कारण स्वयंपाकघरातले धने जसेच्या तसे मातीत टाकतात, अहो एका धन्यात दोन बिया असतात, चपलेच्या तळव्याने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकळ्या करायच्या, रात्रभर पाण्यात ठेवायच्या आणि मग पेरायच्या, तरी आठदहा दिवस दिसत नाही काही, तेवढा धीर धरायचा. गाजर आणि बीट खोल कुंडीत. गाजराचं रोप करून दुसरीकडे लावायचं नाही, जिथे पेरलं तिथेच ठेवायचं, उपटून लावलं की त्याला दोन पाय फुटतात. गाजराला तीन महिने लागतात त्यामुळे भोगीच्या भाजीत घरचं गाजर हवं असेल तर ते दसऱ्यालाच पडायला हवं होतं, आता पेरलं तर फेब्रुवारीत मिळेल. घेवडा मात्र आत्ता टाकला तर भोगीला नक्की येतो. हरभराही टाका एका पसरट टबात, घाटे लागायची वाट बघायची गरज नाही, कोवळे शेंडे खुडून भाजी करायची, खुडलं की अजून फुटवा येतो. चंपाषष्ठीच्या भरताचं वांगं मात्र यंदा मंडईतूनच आणा, ते जुलै-ऑगस्टात लावलेल्यांचं काम.

टोमॅटो, फ्लॉवर, कोबीची तीनचार आठवड्यांची रोपं नर्सरीत तयार मिळतात, निफाड-पिंपळगाव रोडला ट्रेच्या ट्रे लागलेले असतात. फुलझाडांचं तसंच, पिटुनिया, डायांथस, फ्लॉक्स, पॅन्सी हे सगळे थंडीचे पाव्हणे, ज्यांनी सप्टेंबरला बी टाकलं नाही त्यांनी आत्ता रोपं आणावीत, डिसेंबर ते फेब्रुवारी गच्चीकडे बघत राहाल. आणि शेवंती, तिला तर आत्ता काही करायचं नाही, कळ्या लागल्यात, फक्त मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, बघा.

आता गुलाब. या शहराला एकेकाळी गुलशनाबाद म्हणायचे आणि इथल्या पेपरात छापून येतं की गुलाब मार्चमध्ये छाटा! आपल्याकडे पाऊस थांबला की ऑक्टोबरच्या मध्यापासून गुलाब छाटतात, छाटल्यावर साधारण पंचेचाळीस दिवसांनी पहिली फुलं. माझ्या सासरी निफाड तालुक्यात द्राक्षाची बाग आहे, त्यांच्याकडे वर्षात दोन छाटण्या, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, गोडी म्हणजे फळासाठीची. मी गुलाबाला हाच नियम लावते आणि दीर हसतात, पण गुलाब येतात. रोगट, वाळक्या, एकमेकीला घासणाऱ्या काड्या आधी काढायच्या, मग निरोगी काड्या निम्म्यापर्यंत, बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्या जागेच्या, वर पाव इंचावर तिरका काप घ्यायचा, म्हणजे नवी फांदी बाहेर वाढते आणि मध्ये हवा खेळते. कात्रीला धार हवी, चेंगरलेली काडी वरून काळी पडत खाली येते. जाड काप असतील तर बोर्डो पेस्ट लावावी, शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यात अर्धा अर्धा लिटर पाण्यात विरघळवून मग एकत्र करायचं आणि जुन्या ब्रशने फासायचं. लोखंडी बादली घेऊ नका, मोरचूद तिला खातं. उरलेलं ठेवूनही उपयोग नाही, त्याच दिवशी संपवा.

छाटणीच्या बाबतीत एक भीती असते, ती पावसाची. २०१९ ला ऑक्टोबरअखेर आधी 'क्यार' आणि पाठोपाठ 'महा' अशी चक्रीवादळं अरबी समुद्रात आली, पाऊस नोव्हेंबरात गेला आणि छाटलेल्या द्राक्षबागांची डावणी या बुरशीच्या रोगाने वाट लागली, ते दिवस आमच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही. घरच्या दहा कुंड्यांना तेवढा धोका नाही पण तत्त्व तेच, आकाश ढगाळ असेल तर चार दिवस थांबा. आणि मोगऱ्याला मात्र आत्ता छाटू नका, खतही देऊ नका. त्याचं पाणी हळूहळू तोडायचं, पानं पिवळी होऊ द्यायची, डिसेंबरअखेर-जानेवारीत छाटून मग खत, म्हणजे उन्हाळ्यात तो वेडा होऊन फुलतो. तेवढ्यापुरतं तुमच्या लेखातलं 'झोपू द्या' बरोबर आहे. अडेनियमलाही लागू आहे ते, आणि हळदीला पण, तिची पानं पिवळी पडून माना टाकायला लागली की पाणी बंद, घाबरून जास्त पाणी घातलं तर गड्डे सडतात.

पाण्याचं म्हणाल तर ऑक्टोबरमध्ये रोज लागतं तेच डिसेंबरात दिवसाआड पुरतं, बोट पेरभर मातीत घालून बघायचं. लेखातलं 'जवळजवळ बंद' हे आपल्याकडे झाडं मारायचा उपाय आहे कारण आपली थंडी कोरडी असते, दुपारी ऊन चांगलंच चटकतं. सकाळी ऊन वर आल्यावर द्या, संध्याकाळी पानं भिजवून ठेवू नका, नाहीतर रात्रभर गार आणि ओलं राहून रोग आलाच समजा. भुरी तर दव पडायला लागलं की येतेच, गुलाबाच्या कोवळ्या पानावर पिठी साखर भुरभुरल्यासारखी दिसते आणि पान वाकडं होतं. सुरुवातीलाच आंबट ताक पाण्यात दहापट पातळ करून फवारलं तर आटोक्यात राहते. माव्याला नीम तेल, लिटरला पाच मिली, त्यात थोडा भांड्यांचा साबण घातला नाही तर तेल वर तरंगत राहतं आणि आपण नुसतं पाणी फवारतो.

एक गोष्ट कुठल्याच लेखात येत नाही म्हणून मुद्दाम सांगते, ती म्हणजे उन्हाची जागा. जूनमध्ये सूर्य अगदी डोक्यावर असतो, डिसेंबरात तो दक्षिणेकडे उतरतो. नाशिक साधारण वीस अंश अक्षांशावर, त्यामुळे २१-२२ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून ४६-४७ अंशांपर्यंतच चढतो. याचा अर्थ काय, तर गच्चीच्या दक्षिणेच्या कठड्याची सावली जवळपास कठड्याच्या उंचीइतकीच आत पडते, कठडा तीन फूट तर सावली तीन फूट, आणि आपण सगळ्या कुंड्या नेमक्या त्याच कठड्याला चिकटवून मांडलेल्या असतात! मग टोमॅटो लांबुळके होतात, पालक पिवळा पडतो आणि आपण खत टाकत राहतो. कुंड्या तीन-चार फूट पुढे ओढा किंवा विटांवर उचलून ठेवा. उत्तरेच्या बाल्कनीत तर थंडीत ऊन येतच नाही, तिथे पुदिना आणि शोभेची पानं ठेवा, गुलाबाचा हट्ट सोडा.

बाकी कडाक्याची थंडी आपल्याकडे येते, नाही असं नाही. निफाडच्या किमान तापमानाचा आकडा तुम्ही दर डिसेंबरला पहिल्या पानावर छापता, तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा असतो, २०१८ च्या डिसेंबरअखेर तिथे पारा दोन अंशांच्या आसपास गेला होता. सोबत महाबळेश्वरच्या वेण्णा लेकच्या हिमकणांचा फोटो असतोच. पण असल्या रात्री वर्षाला मोजक्या, त्यासाठी चार महिने कुंड्या घरात कोंडायच्या का? द्राक्षवाले त्या रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात आणि पहाटे ठिबक सोडतात, कारण ओली माती कोरडीपेक्षा ऊब जास्त धरते. घरी तेवढं नको, थंडीची लाट सांगितली असेल तर आदल्या दिवशी दुपारी मातीला पाणी द्या आणि पपई, केळीचं रोप, नुकतं लावलेलं कोवळं काही असेल त्यावर संध्याकाळी जुनी सुती साडी टाका, सकाळी काढा. प्लास्टिक टाकायचंच झालं तर पानाला टेकू देऊ नका. तुळशीचं पण बघा, तिला थंडी सोसत नाही, पानं काळपट होऊन गळतात, आता तुळशीचं लग्न लागेल, ते झालं की मंजिऱ्या खुडून टाका आणि वृंदावन उघड्यावर असेल तर रात्री काहीतरी आडोसा करा. अंदाज बघायला हवामान खात्याचं 'मेघदूत' ॲप आहे, शेतकऱ्यांसाठी आहे पण आपल्यालाही उपयोगी, मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याप्रमाणे सल्ला येतो, मराठीतही येतो.

आणि पाचोळा. लेखात तो जमा करा म्हटलंय हे मला एकदम मान्य, पण आमच्या कॉलनीत सकाळी सहाला बदामाच्या पानांचे ढीग पेटवतात, थंडीत धूर वर जात नाही, तिथेच बसतो, दमेकऱ्यांचे हाल. कचरा उघड्यावर जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांत बंदी घातली, त्याच वर्षी हरित लवादाने साध्या जाळण्याला पाच हजार रुपये दंडही सांगितलाय, पण दंड घेणार कोण, जाळणारेच झाडणारे! मी दोनदा बोलले, 'मॅडम, थंडी वाजते' असं उत्तर मिळालं, त्यावर काय बोलणार. तेव्हापासून पोती घेऊन जाते आणि पानं घरी आणते, जरा ओली करून, शेणाचं पाणी शिंपडून, तोंड बांधून कोपऱ्यात ठेवली की मार्च-एप्रिलला कुंड्यांवर पसरायला अर्धवट कुजलेलं आच्छादन तयार. आपल्याकडे त्या थराची खरी गरज उन्हाळ्यात आहे.

आता तुमच्याकडे मागणी. बागेचं सदर चालवा, जरूर चालवा, पण ते राहुरी, दापोली, अकोला, परभणी या चारही कृषी विद्यापीठांतल्या माणसांना विचारून भागाप्रमाणे लिहून घ्या. दापोलीला थंडी नावापुरती, तिथे भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल-पावटा टाकतात, तिकडे गोंदिया-नागपूरला आमच्यासारखाच गारठा, मराठवाड्यात पाण्याचा हिशोब वेगळा. एकच लेख सगळ्यांना कसा पुरेल? आणि परदेशातल्या मराठी लोकांसाठी वेगळं पान काढा, माझी भाची आनंदाने लिहील, मेपलचा फोटो पण तीच पाठवेल.

पण ते पुढचं पुढे, आधी एक काम तातडीने करा. येत्या रविवारी त्या लेखाची दुरुस्ती छापा, छोटीशी चौकट चालेल, 'महाराष्ट्रात गुलाबाची छाटणी आत्ताच करावी, मार्चपर्यंत थांबू नये' एवढंच. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत छाटलं तरी जानेवारीत फुलं येतात, त्यामुळे लेख वाचून जे थांबलेत त्यांचं अजून काही बिघडलेलं नाही, पण चौकट त्यानंतरच्या रविवारी आली तर फार उशीर होईल.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक